अक्षरी रुपये पाचशे एक फक्त

मराठी माणसाला पैसे मागायचे असले की आधी माफी मागावी लागते. आपणच उसने दिलेले पैसे परत मागतानाही आपण 'राग मानू नका, पण' अशी सुरुवात करतो आणि समोरचा मोठ्या मनाने राग न मानता पुढची तारीख देतो. त्यामुळे सांगलीच्या आमच्या एका संपादक मित्रांनी आपलं लेखकांसाठीचं वार्तापत्र यापुढे सशुल्क होणार हे कळवायला जे निवेदन लिहिलं, ते चार पानी झालं याचं मला नवल वाटलं नाही. पहिल्या पानावर ऋणनिर्देश. दुसऱ्यावर वार्तापत्राचा जन्म आणि बालपण. तिसऱ्यावर काळाची आव्हानं. ही आव्हानं वाचताना मला वाटलं, गृहस्थ एकतर वार्तापत्र बंद करताहेत किंवा निवडणुकीला उभे राहताहेत. वर्गणीची रक्कम चौथ्या पानाच्या तळाशी कंसात होती. ती भरणं सक्तीचं आहे असं लिहायचा धीर न झाल्यामुळे तिच्या आधी 'शक्यतो' असा शब्द घातला होता.

हे वार्तापत्र दर रविवारी सकाळी सात वाजता फोनवर येतं. संपादक बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे सात म्हणजे सात. त्यात काय असतं हे लेखक नसलेल्यांना सांगायला हवं. कोणत्या दिवाळी अंकाची शेवटची तारीख कोणती, आणि ती उलटून गेल्यावर खरी शेवटची तारीख कोणती. मजकूर युनिकोडमध्ये हवा की श्रीलिपीत. कथा दोन हजार शब्दांची चालेल की 'दीर्घ' पाहिजे. कोणत्या काव्यस्पर्धेला प्रवेशशुल्क आहे आणि परीक्षक कोण आहेत, म्हणजे त्यांना आवडतात तशी झाडं-पानं कवितेत घालता येतात. शेवटी एक सदर: कोण मानधन देतं, कोण नुसता अंक पाठवतं आणि कोण दोन्ही कबूल करून दोन्ही पाठवत नाही. हे शेवटचं सदर सगळे आधी वाचतात.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाचं पंचांगच बदललं. त्याचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही. ते जूनमध्ये, 'यंदा आमच्यासाठी काहीतरी द्या' असा पहिला फोन आला की सुरू होतं आणि तो फोन नाही आला तर सुरूच होत नाही. ज्यांना असे फोन येत नाहीत त्यांच्यासाठी हे वार्तापत्र आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी.

संपादकांनी ते बरीच वर्षं फुकट चालवलं. मग पुण्यात आयटीत असलेल्या मुलाने सुचवलं की पैसे घ्या. अमेरिकेत सबस्टॅक नावाची कंपनी २०१७ पासून हेच करते, लोक तिथे वार्तापत्रं काढतात, वाचक महिन्याला पैसे भरतात, कंपनी दहा टक्के कापून घेते. संपादकांनी शांतपणे विचारलं, "दहा टक्के कशाचे?" या प्रश्नाला आयटीत उत्तर नसावं. तो विषय तिथेच थांबला.

पण किडा डोक्यात शिरला होता. रक्कम ठरवायला आम्ही चौघे जमलो. मुलाचं मत फोनवरून आलं: चारशे नव्व्याण्णव. कुठलाही बाजार हीच किंमत लावतो. संपादक म्हणाले, छे, पाचशे एक. आणि त्यांचं बरोबर होतं. वस्तू चारशे नव्व्याण्णवला विकली जाते. पाचशे एक रुपये पाकिटात घालून दिले जातात, वर चिकटवलेल्या नाण्यासकट. चारशे नव्व्याण्णव भरणारा गिऱ्हाईक होतो आणि आपल्याला फसवलं तर गेलं नाही ना हे तपासत बसतो. पाचशे एक भरणारा यजमान होतो आणि आशीर्वाद देऊन विसरून जातो. निदान आमचा तसा समज होता.

'महिन्याला एका चहाच्या किमतीत' असं वाक्य निवेदनात घालावं, असंही कुणीतरी सुचवलं. ते मी हाणून पाडलं. मराठी साहित्यिक चहाचे पैसे कुठे देतो? पुस्तक प्रकाशनात चहा असतो, सत्कारात असतो, चर्चासत्रात तर दोनदा असतो, आणि शोकसभेतही उपस्थित लोक जाण्याआधी तो येतोच. चहा फुकट मिळतो हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला 'चहाच्या किमतीत' सांगणं म्हणजे वार्तापत्रही फुकट आहे असं सांगणं.

निवेदन गेलं. पहिल्या तासात सव्वाशे अभिनंदनं आली. 'स्तुत्य उपक्रम.' 'काळाची गरज.' 'लेखणीला मोल मिळालंच पाहिजे.' 'आपल्या पाठीशी आहोत.' पाठीशी एवढे लोक उभे राहिले की पुढे येऊन पैसे भरायला कुणी उरलंच नाही. एका ज्येष्ठ कवींनी तर मुक्तछंदात शुभेच्छा पाठवल्या आणि खाली विचारलं, ही रचना पुढच्या अंकात घेणार का आणि घेतल्यास मानधन किती.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण या जमातीचं हे एक वैशिष्ट्य अजून कुणी नीट नोंदवलेलं नाही. आपल्याला प्रत्येक शब्दाचे पैसे मिळाले पाहिजेत याबद्दल मराठी लेखक ठाम असतो आणि आपल्याला प्रत्येक शब्द फुकट मिळाला पाहिजे याबद्दलही तितकाच ठाम असतो. ही दोन मतं त्याच्या डोक्यात एकाच खोलीत राहतात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. ज्या अंकात आपलं लेखन आलं आहे तो विकत घ्यावा लागणं हा त्याला अपमान वाटतो. ज्यात आलेलं नाही तो विकत घेणं हा त्याहून मोठा अपमान वाटतो. मग उरलं काय? पैसे द्यायला तो मागे हटत नाही, हेही सांगितलं पाहिजे. स्वतःचा संग्रह काढायला प्रकाशकाला हजारो रुपये देतो. वर आपल्याच पुस्तकाच्या शंभर प्रती विकत घेतो. प्रकाशन समारंभाचा हॉल, हार, शाली, अध्यक्षांची जाण्यायेण्याची गाडी, सगळं स्वतः करतो. फक्त दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला पैसे मागितले की त्याला वाङ्मयाचं बाजारीकरण दिसू लागतं.

अभिनंदनांच्या मागोमाग सवलतीचे अर्ज आले. नाशिकच्या एका कथाकारांचा मुद्दा बिनतोड होता: एसटी देते, तुम्ही का नाही? आता एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे, पासष्टच्या पुढच्यांना अर्धं तिकीट आहे, आणि २०२३ पासून सरसकट सगळ्या महिलांना अर्धं. संपादकांनी बँकेतल्या सवयीने हे निकष आपल्या यादीला लावून पाहिले. पंचाहत्तरीच्या पुढचे वगळले तेव्हा समीक्षा हा विभाग पूर्ण रिकामा झाला. अर्ध्या तिकिटात ललित लेखन आणि बहुतेक कविता गेली. पूर्ण वर्गणी देणारे म्हणून जे काही तरुण पुरुष उरले, त्यांनी 'नवोदितांसाठी काही योजना आहे का' असं आधीच विचारून ठेवलं होतं.

सोसायटीतल्या एका कार्यकर्त्याने मात्र पुस्तकी नव्हे असा उपाय सांगितला. "काका, तुमची पद्धतच चुकतेय. गणपतीला आम्ही मेसेज पाठवत बसतो का? पोरं घेऊन दारात जातो. पावतीपुस्तक उघडतो. शेजारच्यांनी किती दिले ते वरच्या पावतीवर दिसेल असं धरतो. माणूस आत जातो, पाकीट आणतो." यात वाङ्मयाचा प्रश्न कुठे येतो, असं संपादकांनी विचारलं. तो म्हणाला, "आमच्यातही कोण आरती पाठ करून वर्गणी देतं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मराठी नियतकालिकं जगली ती दारात जाऊनच. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, ते आधी रीतसर कंपनी काढून, भाग विकून आणि खंड हातात नसताना गावोगाव आगाऊ वर्गणीदार गाठून. ज्ञानाचा खंड अजून लिहायचा आहे पण पैसे आजच द्या, हे ज्याला पटवता आलं त्या माणसाच्या विद्वत्तेपेक्षा मला त्याच्या जिभेचा हेवा वाटतो. संपादकांचं दैवत मात्र त्यांच्याच जिल्ह्यातलं. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं ते चक्क कारखान्याचं बातमीपत्र म्हणून. कारखाना लोखंडी नांगरांचा आणि उसाच्या चरकांचा. शंकरराव किर्लोस्करांनी त्या खबरीचं बघता बघता घराघरातलं मासिक केलं, नावातली 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, १९३० मध्ये शेजारी 'स्त्री' आलं आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. संपादक ही हकीकत भेटेल त्याला सांगतात. मी एकदा म्हटलं की त्यांच्याकडे निदान नांगर होता, तुमच्याकडे काय आहे? त्यावर ते दोन रविवार माझ्याशी नीट बोलले नाहीत.

आणि व्ही. पी.! ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना आठवत असेल. वर्गणी संपली की मासिकवाले पुढचा अंक व्ही. पी.ने पाठवायचे. पोस्टमन दारात उभा, पैसे दिले तर अंक, नाहीतर परत. वाचनाची खरी आवड किती घरांत आहे हे विद्यापीठांपेक्षा पोस्टमनला जास्त कळायचं. आतून 'ते गावाला गेलेत' असा बाईंचा आवाज यायचा आणि मागोमाग गावाला गेलेल्यांचा खोकला. न सोडवलेली व्ही. पी. मासिकाला दोनदा मारायची, जातानाच्या टपालखर्चाने आणि परत येताना खिन्नतेने.

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. त्याबद्दल हळहळणारे लोक मला आयुष्यभर भेटत आले आहेत. साहित्यिक कार्यक्रमाच्या मध्यंतरात पाच मिनिटं उभं राहिलं तर एकतरी भेटतोच. या सगळ्यांनी वेळेवर वर्गणी भरली असती तर बंद कशाला पडलं असतं, हा प्रश्न विचारायचा नसतो. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी गिरगावात खटाववाडीत 'सत्यकथे'चा अंक जाळला, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला गाजलेला प्रसंग. माझ्यातला हिशेबी माणूस मात्र तिथेही अडकतो: जाळायला का होईना, तो अंक कुणीतरी विकत घेतला असेल ना? मासिकाच्या व्यवस्थापकाला वाचणारे आणि जाळणारे सारखेच. उलट जाळणारा बरा. तो एकच अंक आठ घरांत फिरवत नाही.

आठ घरांत फिरवणं ही आपली जुनी रीत आहे आणि वाचनालयांनी तिला प्रतिष्ठाही दिली. दिवाळी अंकांच्या योजनेत एकदा पैसे भरावेत आणि संक्रांतीपर्यंत गठ्ठेच्या गठ्ठे वाचावेत. तीच संस्कृती फोनमध्ये आली तेव्हा तिचं नाव फॉरवर्ड झालं. संपादकांचा पहिला सशुल्क अंक रविवारी सातला निघाला. सात वाजून अकरा मिनिटांनी तो मला तीन वेगवेगळ्या साहित्यिक ग्रुपांवर मिळाला. एकावर तर खाली टीपही होती: 'संपादकांनी मोठ्या कष्टाने काढलेला अंक. त्यांना आधार म्हणून जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.'

तरीही पैसे आले. पहिल्याच आठवड्यात काही जणांनी खरंच भरले, आणि तेव्हा कळलं की माणसाचं मन तयार झालं तरी बँकेचं व्हावं लागतं. दरवर्षी आपोआप पैसे वळते व्हावेत म्हणून मुलाने ऑटो-पेची सोय करून दिली होती. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की अशी रक्कम कापण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. नियम उत्तम आहे, ग्राहकाच्या हिताचा आहे. पण मराठी माणसाला पाचशे एक रुपयांवर विचार करायला चोवीस तास देणं म्हणजे काय, हे मुंबईच्या मुख्यालयात कुणालाच कळलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. चोवीस तासांत तो स्वतः फेरविचार करतो, बायकोला विचारतो, अमेरिकेतल्या मेव्हण्याला विचारतो आणि बायपासच्या निर्णयाला पुरेल एवढी चर्चा करतो. वार्तापत्रातला सर्वांत बारकाईने वाचला जाणारा मजकूर बँक लिहिते, असं संपादक आता जाहीरपणे म्हणतात.

फुकट काय ठेवायचं आणि कुंपणाआड काय, याचाही पेच होताच. शेवटच्या तारखा फुकट, असं ठरलं. तारखेशिवाय लेखक जगू शकत नाही. स्पर्धांची माहिती अर्धी फुकट. कुंपणाच्या आत गेलं ते मानधनाचं सदर. इथे हिशेब असा झाला की पाचशे एक रुपये भरले की माणसाला अधिकृतपणे कळतं, अमुक दिवाळी अंक कथेला पाचशे रुपये देतो. एक रुपया तोटा. सोलापूरच्या एका बाईंनी तो नेमका पकडला आणि विचारलं की दोन कथा दिल्या तर? संपादकांनी उत्तर दिलं की दुसऱ्या कथेचं मानधन मागायला जो फोन करावा लागतो त्याचा खर्च त्यांनी धरलेला नाही.

पैसे भरलेल्या वाचकांची संख्या शंभरीच्या आतच राहिली, पण तेवढ्यांनी संपादकांच्या रविवारचं जे केलं ते हजार फुकट्यांना जमलं नव्हतं. आशीर्वाद देऊन विसरणारा यजमान यांच्यात एकही निघाला नाही. पूर्वी अंक सव्वासातला आला तरी कुणाला पत्ता नसे. आता सात वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन येतो: "आलं नाही अजून. तब्येत बरी आहे ना?" यातला दुसरा प्रश्न सभ्यतेपुरता असतो. पूर्वी 'स्पर्धेचा निकाल' या मथळ्यात 'निकाल'ला दीर्घ ई पडली तर वाचक खपवून घेत. पैसे दिल्यावर माणसाला ऱ्हस्व-दीर्घ दिसायला लागतं. कोल्हापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पाचशे एक रुपयांत प्रत्येक अंक तपासून, लाल खुणा करून, खाली गुण देऊन परत पाठवायचा परिपाठ ठेवला आहे. संपादकांना गेल्या वेळी शंभरपैकी एकसष्ट पडले. ते मला म्हणाले, बँकेच्या ऑडिटमध्येसुद्धा माझ्यावर असा शेरा आला नव्हता. पण पुढच्या अंकाची प्रुफं त्यांनी दोनदा वाचली, हेही मी पाहिलं आहे.

मग त्यांना आजीव वर्गणीची कल्पना सुचली. पाच हजार एक, एकदाच. मराठी मासिकांनी पिढ्यानपिढ्या ही वर्गणी घेतली, पहिल्या दोन अंकांच्या छपाईत घालवली आणि पुढची वीस वर्षं त्या माणसांना अंक पाठवत राहिली. इतर धंद्यांत याला दिवाळखोरी म्हणतात, आमच्यात निष्ठा. संपादकांना वाटलं होतं की आजीव म्हणजे वर्गणीदार जिवंत असेपर्यंत. मिरजेच्या एका निवृत्त डॉक्टरांनी ते उलटं वाचलं. कथा लिहिणारे गृहस्थ, पैशाचं काही नाही, पण व्यवहार म्हणजे व्यवहार. त्यांनी भरण्याआधी विचारलं, "वय काय आपलं?" चौसष्ट, संपादक म्हणाले. "शुगर?" काठावर. "वडील किती वर्षांचे होऊन गेले?" अठ्ठ्याऐंशी. हे उत्तर समाधानकारक वाटलं असावं, कारण त्याच संध्याकाळी पाच हजार एक जमा झाले.

पण व्यवहार तिथे संपला नाही. डॉक्टर आपली गुंतवणूक राखू लागले. दर महिन्याला रक्ततपासणीचे आकडे मागवू लागले. त्यांच्यामागून जे आणखी चार आजीव झाले, त्यांचा डॉक्टरांनी वेगळा ग्रुप केला, त्यात संपादक नाहीत. त्या ग्रुपात संपादकांचं मीठ कमी करायचा ठराव झाला. एकाने पहाटे फिरायला सोबत यायचं कबूल केलं आणि येतो, पावसातसुद्धा. दुसऱ्याने स्कूटर चालवू नये असं कळवलं. इचलकरंजीचे एक गझलकार दर गुरुवारी नाचणीचे लाडू पाठवतात, गूळ घालून नव्हे, खजूर घालून.

वहिनी परवा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, आणखी दोन-तीन आजीव मिळतील का बघा ना. यांची तंबाखू अजून सुटलेली नाही."